टाळ्या उंचीला की उतरण्याला? – वाचकांचे प्रश्न

चित्रपट आणि खेळांमध्ये अंगावर घेतल्या जाणाऱ्या जोखमीविषयी या महिन्यासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (सातारा) : अमुक नटाने आपले सगळे स्टंट स्वतः केले, अशा बातम्या सतत वाचायला मिळतात. त्यात खरे किती असते? आणि ज्याच्यावर कोट्यवधी रुपये लागले आहेत, त्याला निर्माता असे करू तरी कसे देतो?

अशी बातमी बहुधा खोटी नसते, अर्धी असते. पडद्यावर सलग दिसणारी मारामारी प्रत्यक्षात अनेक छोट्या तुकड्यांत चित्रित होते. त्यातील चेहरा दिसणारे तुकडे नट स्वतः करतो, तेव्हा त्याच्या कपड्यांखाली पट्टा बांधलेला असतो आणि वर ओढलेल्या तारा नंतर संगणकावर पुसल्या जातात. जिन्यावरून गडगडत खाली येणे, घोड्यावरून फेकले जाणे, काचेतून आरपार जाणे अशा, शरीरावर खरा आघात होणाऱ्या तुकड्यांसाठी त्याच अंगकाठीचा, तेच कपडे घातलेला दुसरा माणूस उभा राहतो. बातमी पहिल्या तुकड्यांची होते, कारण तिकीट चेहऱ्यावर विकले जाते. निर्माता परवानगी देतो तेही त्याच हिशोबाने. हा हिशोब कधीकधी अंगाशी येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनमध्ये एका इमारतीवरून दुसरीवर झेप घेताना टॉम क्रूझ यांच्या पायाचा घोटा मोडला आणि चित्रीकरण कित्येक आठवडे थांबले.

आपल्याकडचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण जुलै १९८२ मधले, ‘कुली’च्या चित्रीकरणाचे आहे. बंगळूरमध्ये पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीत अमिताभ बच्चन यांच्या पोटाला टेबलाची कड लागली, आतडे फाटले आणि पुढचे कित्येक दिवस देशभर त्यांच्यासाठी नवस बोलले गेले. या घटनेकडे पाहताना एक गोष्ट नजरेतून सुटते, ती अशी की तो प्रसंग जिवावरचा मुळी नव्हताच. उंची नव्हती, आग नव्हती, वेगात येणारी गाडी नव्हती. होती ती एक नेहमीची झटापट आणि एक टेबल. जिथे उघड धोका असतो तिथे दहा माणसे डोळ्यांत तेल घालून उभी असतात, आणि जिथे धोका दिसत नाही तिथे कोणीच नसते. पुढे चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा दुखापत झाली ते दृश्य पडद्यावर थांबवून त्यावर तशी सूचना दाखवण्यात आली. अपघाताचीही जाहिरात होऊ शकते हे त्यातून दिसले. मला तो प्रकार तेव्हाही रुचला नव्हता आणि आजही रुचत नाही.

खरोखरच सर्व काही स्वतः करणारे कलावंत झाले नाहीत असे नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या मेरी अॅन इव्हान्स, म्हणजे १९३५ च्या ‘हंटरवाली’मुळे प्रसिद्ध झालेल्या ‘फिअरलेस नादिया’, धावत्या आगगाडीच्या टपावर स्वतः लढत. परंतु त्यांच्या नावाचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या शतांशानेही पुढच्या डुप्लिकेट कलावंतांचा झाला नाही. ‘शोले’मध्ये बसंतीचा टांगा उधळतो, त्या धोक्याच्या दृश्यांत हेमा मालिनी यांच्या जागी रेश्मा पठाण होत्या आणि टांगा उलटल्याने त्या जखमीही झाल्या. हे प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला काही दशके जावी लागली.

प्रश्न (पुणे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून पडणारा स्टंटमन खाली पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांवर पडतो, असे ऐकले. हे खरे आहे का? त्याला लागत कसे नाही?

खरे आहे आणि त्यामागचे गणित आपल्याला अवघड जाणार नाही. वीस फुटांवरून पडणारा माणूस जमिनीजवळ येतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर तर येणारच. प्रश्न किती अंतरात येतो एवढाच आहे. शरीर सिमेंटवर आदळून दोन इंचांत थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२० पट होते. तेच शरीर चार फुटांत थांबवता आले, तर ते पाचपटीवर येते, आणि निरोगी, तयारीचा माणूस तेवढे सोसू शकतो. खोकी ते चार फूट मिळवून देतात.

खोकी शक्य तितकी एकाच मापाची घेतात, आत काही ठेवत नाहीत, आणि त्यांचे दोन-तीन थर चिकटून रचतात. मग भोवती दोर आवळतात, नाहीतर माणूस पडताच खोकी चहूकडे सरकतील आणि तो त्यांच्या मधून थेट जमिनीवर जाईल. वर गाद्या टाकतात. पडणाऱ्याने पाठीवर, हातपाय पसरून, हनुवटी छातीला लावून उतरायचे असते. पाय आधी खाली आले तर तेच एका खोक्यात घुसतात आणि घोटा किंवा गुडघा पिरगळतो. म्हणूनच इमारतीवरून तोंड पुढे करून पडताना दिसणारा माणूस हवेतच अर्धी कोलांटी घेतो आणि पाठीवर येतो. एकदा चेपलेली खोकी पुन्हा चालत नाहीत. दमट हवेने मऊ पडलेला पुठ्ठाही चालत नाही, ही मुंबईच्या पावसाळ्यात विसरता कामा नये अशी गोष्ट आहे.

उंची याहून बरीच जास्त असेल तर हवेची मोठी गादी वापरतात. तिला मुद्दाम झडपा ठेवलेल्या असतात. आघाताबरोबर त्यांतून हवा बाहेर पडली नाही, तर गादी माणसाला चेंडूसारखी परत उडवते आणि तो दुसऱ्यांदा कुठे पडेल ते कोणीच सांगू शकत नाही.

घरी करून पाहू नये, असे लिहिण्याची प्रथा आहे. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून वेगळे सांगतो: वजनाची पोती टाकून प्रयोग करावा. चित्रीकरणाच्या ठिकाणी जाणता फाइट मास्टरही आधी तेच करतो.

प्रश्न (लालबाग, मुंबई) : माझा नातू पंधरा वर्षांचा आहे, अंगाने हलका आहे. दहीहंडीच्या पथकातील मुले त्याला सर्वांत वरच्या थरावर चढवायचे म्हणतात. घरात दोन तट पडले आहेत. कायदा काय सांगतो? आणि मी आजी म्हणून काय करावे?

आजी, कायद्याची वाट बरीच वळणावळणाची आहे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना बंदी घातली आणि मानवी मनोऱ्याची उंची वीस फुटांवर आणली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादा सैल करण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही अशी हमी राज्य सरकारने दिली आणि उंचीची मर्यादा उठली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला व गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची घोषणा केली. म्हणजे वयाच्या नियमात आपला नातू बसतो. पण नियमात बसणे आणि वर चढण्याजोगे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंचीचा प्रश्न बाजूला ठेवून आपण एक पाहा : बक्षीस कशाचे लावले आहे? बहुतेक हंड्यांना रक्कम थरांवर असते. आठ लागले की एवढे, नऊ लागले की तेवढे. वरच्या मुलाने हात उंचावून सलामी दिली, निवेदकाने आरोळी ठोकली की हिशोब पूर्ण होतो. त्यानंतर तो मनोरा शिस्तीने उतरला की कोसळला, याला फारसा अर्थ राहत नाही. वास्तविक चढण्याइतकेच उतरणेही अवघड असते. पाय थरथरत असतात, खालच्यांचे खांदे भरून आलेले असतात आणि लक्ष उडालेले असते.

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात असेच मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे, तेही दहा थरांपर्यंत जातात आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. तिथल्या स्पर्धांत नुसता रचलेला मनोरा आणि रचून सुखरूप उतरवलेला मनोरा यांना वेगवेगळे गुण असतात, उतरवलेल्याला अधिक. एवढ्या एका नियमामुळे पथकाचा प्रमुख वर आणखी एक थर चढवण्याआधी विचार करतो. बुंध्याशी शेकडो माणसे एकमेकांना खेटून, हात आत रोवून उभी असतात. ती मनोऱ्याला आधार देतात आणि वरून पडणाऱ्यासाठी गादीचेही काम करतात. तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नये. तिथली वरची मुले आपल्या नातवाहून बरीच लहान असतात, आणि २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतरच वरच्या मुलांच्या डोक्यावर हलके, मऊ आवरणाचे हेल्मेट आले. हेल्मेट मऊ ठेवण्याचे कारण असे की कडक टोपण खाली पडताना दुसऱ्याचे डोके फोडते. आपल्याकडे मोटारसायकलचे किंवा सायकलचे जे सापडेल ते हेल्मेट मुलाला घालतात, तिथे हा विचार झालेला दिसत नाही.

आता आपण काय करावे. पथकाच्या सरावाला एकदा स्वतः जाऊन बसा, रविवारी नव्हे, मधल्या वारी. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू आहे की श्रावण लागल्यावर घाईने केला आहे, ते दिसेलच. नातू वर असताना खालच्या थरातील एखाद्याने ‘उतरवा’ म्हटले, तर लगेच उतरवतात की ‘दम धर रे’ म्हणून रेटतात, हे नीट पाहा. माझ्या मते सगळे त्यातच कळते. त्या दिवशी पथक किती हंड्यांना जाणार, हेही विचारा. लालबाग, दादर, मग टेम्पोतून ठाणे असा दौरा पावसात भिजत, धड न जेवता झाला, तर संध्याकाळच्या थरात उभी असलेली मुले सकाळची राहिलेली नसतात. विम्याच्या यादीत नातवाचे नाव आणि खरी जन्मतारीख आहे का, ते कागद हातात घेऊन वाचावे. हे सर्व ठीक असेल तर माझे मत नातवाच्या बाजूने आहे. यातले एक जरी डळमळीत असेल, तर यंदा त्याला खाली दुसऱ्यांना आधार देणाऱ्यांत उभे राहू द्यावे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक) : दीपा कर्माकरमुळे प्रोदुनोव्हा ही अतिशय कठीण उडी शिकण्याचा हट्ट धरणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. त्यांना अडवावे, तर मी महत्त्वाकांक्षा मारतो असे पालक म्हणतात.

पालकांसमोर रिओ ऑलिम्पिकचे गुण मांडावेत. १४ ऑगस्ट २०१६ रोजी दीपाने अंतिम फेरीत केलेल्या प्रोदुनोव्हा उडीचे काठिण्यमूल्य ७.० होते आणि सफाईचे गुण ८.२६६ मिळाले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ होऊन तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५० ने हुकले. त्याच फेरीत सिमोन बाइल्स हिने कमी काठिण्याच्या दोन उड्या जवळपास निर्दोष करून १५.९६६ गुणांसह सुवर्ण जिंकले. दीपाने जे केले ते थोरच होते. फोम, ट्रॅम्पोलिन, उत्तम मॅट यांची चैन नसलेल्या देशातून अंतिम फेरी गाठण्यासाठी तिच्यापुढे काठिण्य वाढवण्याशिवाय फारसा मार्गही नव्हता. पण तो तिचा नाइलाज होता, त्याला सगळ्यांसाठी धडा मानणे बरोबर नाही.

या उडीत व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकून पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घेतल्या जातात, आणि पुढच्या कोलांटीत जमीन अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. दुसरी कोलांटी अपुरी राहिली तर भार पायांऐवजी पाठीच्या कण्यावर किंवा मानेवर येऊ शकतो. पुढील नियमावलीत आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने या उडीचे मूल्य कमी केले. २०२१ मध्ये बाइल्सच्या अतिकठीण उडीलाही अपेक्षेहून कमी मूल्य दिले गेले, तेव्हा ती नाराज झाली आणि तिची बाजू अगदीच चुकीची नव्हती. ज्याला खरोखर येते त्याने इतरांच्या भीतीपोटी का झिजावे? तरी मी महासंघाच्या बाजूने आहे. मूल्य चढे ठेवले की ज्यांना येत नाही त्यांनाही ते करून पाहण्याचा मोह होतो, आणि हट्ट बहुधा मुलीचा नसून प्रशिक्षकाचा किंवा तिच्या देशातील संघटनेचा असतो. १९७८ ची विश्वविजेती येलेना मुखिना हिचा पाय धड बरा झालेला नसतानाही तिच्याकडून अवघड कोलांटीचा सराव करून घेतला गेला. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिम्पिकला काही दिवस उरले असताना, ती हनुवटीवर पडली आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. त्या जातीच्या कोलांट्या नंतर महिलांच्या स्पर्धेतून बाद करण्यात आल्या.

आपण अडवता आहात ते योग्यच आहे. फक्त ‘कधीच नाही’ असे न म्हणता, आधीच्या टप्प्यांवर किती सलग स्वच्छ उतरणी झाल्या म्हणजे पुढचा टप्पा, हे भिंतीवर लिहून लावावे, म्हणजे वाद मुलीशी न राहता भिंतीवरच्या आकड्याशी राहील.

प्रश्न (नागपूर) : हेल्मेट, छातीचे पॅड, आता बदली खेळाडू! क्रिकेट नाजूक झाले नाही का?

नाही. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली आणि ते पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. १९९८ मध्ये ढाक्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, उभे राहिले. फलंदाजाचा फटका डोक्याला लागून त्यांचा मृत्यू झाला. २०१४ मध्ये सिडनीत फिल ह्यूजने हेल्मेट घातले होते, तरी चेंडू त्याखाली, मानेच्या बाजूला लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. बदली खेळाडूचा नियम ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला, त्याचे कारण असे की तोवर डोक्याला मार लागलेला फलंदाज बसला तर संघ एकाने उणा होत असे, आणि म्हणून तो चक्कर लपवून पुन्हा मैदानात येई. त्याच महिन्यात लॉर्ड्‌सवर आर्चरचा चेंडू मानेला लागूनही स्टीव्ह स्मिथ परत फलंदाजीला आला होता. दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसल्यावर त्याच्या जागी लाबुशेन खेळला. नियमाने खेळ नाजूक केला नाही, लपवण्यातला फायदा काढून घेतला.

प्रश्न (कोल्हापूर) : मुलगा मर्दानी खेळात तयार आहे, घोड्यावर बसतो, पोहतो. त्याला चित्रपटात स्टंटमन व्हायचे आहे. पाठवावे का?

पाठवायला हरकत नाही, पण त्याला कुठे पाठवतो आहोत ते आधी समजून घ्यावे. मर्दानी खेळाचा पाया उत्तम आहे. पायांची चाल, अंतराचा अंदाज आणि हातात शस्त्र असताना समोरच्याला न लागू देण्याची सवय त्यातून येते. त्यावर जिम्नॅस्टिक्सची आणि गाडी चालवण्याची भर घालावी. मुंबईत स्टंट कलाकारांची संघटना आहे, तिचे कार्ड मिळाल्याखेरीज मोठ्या चित्रीकरणात उभे राहता येत नाही, आणि सुरुवात एखाद्या फाइट मास्टरच्या हाताखाली होते.

या व्यवसायाचे दुखणे पैशाहून अधिकाराचे आहे. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून तिघांनी उड्या टाकल्या. नायकाच्या अंगावर लाइफ जॅकेट होते आणि तो वाचला. खलनायकाची कामे करणारे अनिल आणि उदय यांच्या अंगावर ते नव्हते, आणि दोघेही बुडाले. एकाच उडीत दोन प्रकारची सुरक्षा असू शकते, हे त्या दिवशी सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याच्या दृश्यात अनुभवी स्टंट कलाकार एस. एम. राजू यांचा मृत्यू झाला. अनुभव असला म्हणजे धोका टळतो असे नाही, हे आपल्या मुलाला सांगावे. हिंदी चित्रपटसृष्टीत शेकडो स्टंट कलाकारांना २०१७ पासून विम्याचे संरक्षण मिळते ते अभिनेते अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने. त्यांचे कौतुक आहेच, पण जे निर्मात्याच्या खर्चाच्या पहिल्या ओळीत असायला हवे ते एका नटाच्या सौजन्यावर चालावे, हे काही भूषणावह नाही.

बदलाची चिन्हे आहेत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या आखणीसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला आहे. पुरस्कार आखणीला आहे, हाडे मोडून घेण्याला नाही, ही त्यातली चांगली बाजू.

मुलाला काम मिळेल तेव्हा पहिल्याच दिवशी काही गोष्टी विचारण्याची सवय लावावी. रुग्णवाहिका जागेवर आहे की बोलावल्यावर येणार? तालीम चित्रीकरणाच्याच जागी झाली आहे का? नायकाला जी साधने दिली तीच त्यालाही आहेत का? ‘आज नको’ म्हटल्यास त्या दिवसाची मजुरी कापली जाते का, हेही आधीच ठरवून घ्यावे, कारण दोरावर चढल्यानंतर हा विषय कोणी काढत नाही. विम्याच्या कागदाची एक प्रत कोल्हापुरात आपल्याजवळ असू द्यावी आणि तिची मुदत कधी संपते ते आपण स्वतः लक्षात ठेवावे.